धारवाडच्या बाईंचा आवाज

नमस्कार. इथे लिहिणारे बरेच जण शिकलेले दिसतात. मी सातवी झाल्यावर शाळा सुटलेली बाई आहे. मोबाईलवर टाइप करायला मला वेळ लागतो आणि लिहिता लिहिता बोलल्यासारखं होतं... चुका समजून घ्या.

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं घर हिंगोली जिल्ह्यातलं, बौद्ध. अंगात येणं, करणी, बाधा, यातलं काहीच बाबांनी घरात शिरू दिलं नाही. बाबा वीस-बावीस वर्षं खडी क्रशरवर कामाला होते. म्हणायचे, भूत असतं तर क्रशरचा आवाज ऐकून कधीच गाव सोडून गेलं असतं. त्याच आवाजानं बाबांचे दोन्ही कान गेले. आता त्यांच्याशी बोलायचं तर आधी खांद्यावर हात ठेवायचा, मग कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. तरी निम्मं हुकतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

लग्न होऊन मी इकडं आले. माझ्या मुलीचे, परीचे, पप्पा धारवाडजवळच्या अळनावरकडचे. रस्त्याच्या कामावर आमच्या गावाकडं आले होते, तिथं जुळलं. आता ते धारवाडच्या पुढं बेलूरला एका कंपनीत मशीनवर आहेत आणि मी तिथंच दुसरीकडं पॅकिंगला. राहतो हुबळीत, उणकलला. तळ्यापासून आत दोन गल्ल्या सोडून अक्कांचं घर आहे, त्यांच्या मागच्या खोलीत.

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. शाळेत बाई होत्या, आता रिटायर. मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्या कन्नडच बोलतात, मी इथं मराठीत लिहिते आहे एवढंच. मला तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. परीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा हे शिफ्टवर होते, फोन लागत नव्हता. अक्कांनी रिक्षा आणली, मला दवाखान्यात नेलं, दोन दिवस बाकड्यावर बसून राहिल्या. नर्सनं विचारलं, तुम्ही कोण? म्हणाल्या, घरच्या. पुढं मला कन्नड अक्षरं त्यांनीच शिकवली. मी कामावर जाते तेव्हा परी त्यांच्याकडंच असते. माझं माहेर इथून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब आहे. अक्का नसत्या तर माझं इथं काय झालं असतं, कुणास ठाऊक.

तर... मागच्या वर्षी थंडी संपता संपता आई-बाबा पहिल्यांदा इकडं आले. ते आले त्या दिवशी अक्कांनी होळगी पाठवल्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्याच. एरवी त्या स्टीलच्या ताटलीत द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी कपाटातली चिनी मातीची प्लेट काढली. म्हणाल्या, "लांबून माणसं आलीत, त्यांना काय स्टीलमध्ये द्यायचं?"

ती प्लेट मी आधी नुसती काचेतून बघितली होती. अशा सहा होत्या. पांढऱ्या, पातळ, उजेडाला धरलं तर पलीकडं बोटांची सावली दिसावी एवढ्या. कडेनं निळ्या फुलांची वेल, हातानं रंगवलेली. अक्का त्या कधी वापरत नव्हत्या आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का कलघटगीला भावाकडं गेल्या. सोमवारी संध्याकाळी येते म्हणाल्या आणि किल्ली माझ्याकडं दिली. प्लेट मी तशीच ठेवली होती. दिलेलं भांडं रिकामं कसं परत करायचं? आईनं गावाकडून ज्वारीचं पीठ आणलं होतं, धपाटे करून त्यातच द्यायचे असं आमचं ठरलं. तेच चुकलं. धुऊन त्याच दिवशी रिकामी परत दिली असती, तर हे काहीच झालं नसतं.

रविवारी सकाळी मी परीला आंघोळ घालत होते. आतून टक्क असा आवाज आला. जाऊन बघते तर आई गॅससमोर उभी, आणि बर्नरवर ती प्लेट. दोन तुकडे. वर उरलेली होळगी तशीच.

"बाबाला गरम करून देवावं म्हनलं," आई म्हणाली. "मला वाटलं इनॅमलची हाय. आपल्याकडं नव्हत्या का पांढऱ्या, निळ्या काठाच्या? चुलीवर ठेवायचो की आपन."

खरंच होत्या. आईला मी काय बोलणार... तिच्या घरात चिनी मातीची प्लेट कधी आलीच नाही. मी गॅस बंद केला. ह्यांनी तुकडे उचलून बघितले.

"चिकटवू या का?"

"चिकटवलेलं अक्कांना कळणार नाही का?"

"मग तशीच दुसरी बघू. आज धारवाड दाखवायचंच होतं ह्यांना. आधी हुबळीत बघू, मग तिकडं."

बाबा मोठ्यानं म्हणाले, "काय झालं? कामून सगळे असे उभे?" आईनं खांद्यावर हात ठेवून, ओरडून सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "ठेवली आसंल. मलाबी तिनं चाळीस वर्षं जाळावरच ठेवलंय." कुणी हसलं नाही.

आम्ही पाचही जण निघालो. तुकडे मी परीच्या जुन्या दुपट्ट्यात बांधून घेतले. हुबळीच्या बाजारात रविवार असूनही तीन-चार दुकानं उघडी सापडली. कपबश्या, डिनरसेट, सगळं होतं. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या अण्णांनी तुकडा हातात घेतला आणि फुलावरून अंगठा फिरवला.

"फिरवून बघा, अक्का," ते मला म्हणाले. "लागतंय?"

फूल अंगठ्याला लागत होतं, अगदी बारीक, सुकलेल्या मेंदीसारखं.

"हे हातकाम. आमच्याकडं सगळं छापील स्टिकर. पुसलं तरी लागणार नाही, जपलं तरी टिकणार नाही. धारवाडला पूर्वी कुणी तरी रंगवायचं. आता हाय की नाही, मला सांगता येत नाही." त्यांनी भाग सांगितला. मी इथं लिहीत नाही, का ते पुढं कळेल.

आम्ही बीआरटीएसच्या बसनं धारवाडला गेलो. उतरून विचारत विचारत एका चढाच्या गल्लीत शिरलो. दुपारचे पावणेदोन वाजले असतील. कौलारू घरं, कुठं तरी कुकरच्या शिट्ट्या, बाकी माणूस नाही. उजव्या हाताला दोन पायऱ्या, हिरवं दार, सताड उघडं. पाटी नाही. पण आत भिंतीला फळ्या होत्या आणि फळ्यांवर पांढऱ्या कोऱ्या प्लेट्या उभ्या करून ठेवलेल्या.

खिडकीपाशी एक बाई बुटक्या स्टुलावर बसून रंगवत होत्या. चाळिशीच्या असतील. साधी सुती साडी, हातात पुरुषांचं घड्याळ. प्लेट एका फिरत्या लाकडी पाटावर ठेवली होती. त्या ब्रश धरून हात स्थिर ठेवायच्या आणि डाव्या हातानं पाट फिरवायच्या, तशी निळी रेघ आपोआप गोल होत जायची. सगळ्या खोलीला टर्पेंटाइनचा वास.

"बसा दादा, उन्हातून आलात," त्या बाबांना म्हणाल्या.

"बसतो बाई," बाबा म्हणाले आणि चटईवर बसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. कुणाच्याच नाही.

मी दुपट्टा सोडला. बाईंनी तुकडे पाटावर जोडून ठेवले, अंगठा फिरवला आणि आईकडं बघितलं. "जाळावर ठेवली होती?"

आईनं मान खाली घातली. "इनॅमलची वाटली, माय."

"असू दे. आमच्या आईनंही ठेवली होती एकदा."

आईला तेवढ्यानं केवढं बरं वाटलं. ती लगेच गावाकडचं बोलायला लागली, कसं इनॅमलचं ताट असायचं, कसे टवके उडायचे. बाई ऐकत होत्या, हातानं दाखवत होत्या, हसत होत्या. हे परीला खांद्यावर घेऊन दारातच उभे होते. तेही मध्ये काही तरी कन्नडमध्ये बोलले आणि बाईंनी उत्तर दिलं. मला दोन्ही भाषा कळतात, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

मग त्या आत गेल्या. बराच वेळ. आतून भांड्याचा, पावलाचा, कसलाच आवाज नाही. आल्या तेव्हा हातात प्लेट होती. तीच वेल, तोच निळा रंग.

मी पैशाचं विचारलं. त्यांनी मानेनं नाही म्हटलं आणि आमचे तुकडे स्वतःकडं ओढून घेतले. "हे राहू देत माझ्याकडं."

आईला फुकट घेणं पटेना. तिनं आमच्या शिदोरीतले दोन धपाटे कागदावर काढून स्टुलाशेजारी ठेवले. बाईंनी त्यातला तुकडा मोडून तोंडात घातला. मी प्लेट दुपट्ट्यात गुंडाळत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, रागावू नको."

पायऱ्या उतरताना माझ्या मनात आलं — 'रागावू नका' नाही म्हणाल्या. 'रागावू नको'. आणि प्लेट कुणाची हे तर आम्ही सांगितलंच नव्हतं. मी तो विचार सोडून दिला. प्लेट मिळाली होती, मला दुसरं काही नको होतं.

परतीच्या बसमध्ये प्लेट माझ्या मांडीवर होती. गरम होती. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी नाही, पण दुपट्ट्यातून मांडीला लागत होती. मला वाटलं, उन्हाची असेल.

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. एकदम म्हणाले, "किती साफ बोलती ती बाई. एक शब्द हुकला नाही बघ."

मी आणि आईनं एकमेकींकडं बघितलं.

आई म्हणाली, "आपल्याच तिकडची दिसती. परभणी-हिंगोलीकडचीच बोली. विचारायचं राहिलं कुठली ते."

"तिकडची कुठली आई?" हे हसायला लागले. "धारवाडी कन्नड बोलत होत्या की. मला तर नवल वाटत होतं, तुम्ही कन्नडला फटाफट उत्तरं कशा देताय."

"मला कन्नड येतं व्हय?"

"म्हणून तर नवल."

"अहो, मराठी बोलत होती ती."

"माझ्याशी नाही, आई. तुमच्याशीसुद्धा नाही. मी दारातच होतो ना."

दोघं आधी थट्टेवारी बोलत होते. मग हळूहळू थट्टा थांबली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू सांग. कुठल्या भाषेत?"

मी मराठी ऐकली होती. तसं सांगितलं. एकटे बाबा खुशीत होते, कितीतरी दिवसांनी कुणी तरी त्यांच्याशी न ओरडता बोललं होतं.

घरी आल्यावर मी अक्कांच्या घरात गेले, कपाट उघडलं, पाच प्लेट्यांच्या मध्ये सहावी सरकवली. अगदी तशीच. डोळ्यांना फरक कळत नव्हता. ह्यांचं म्हणणं, आता विषय संपला, गप्प बस. आईचंही तेच. मलाही तेच पाहिजे होतं. अक्कांना कळलं तर त्या काय म्हणतील... खोली सोडा म्हणणार नाहीत, तशा त्या नाहीत. पण उद्यापासून परत स्टीलची ताटली येईल, परी त्यांच्याकडं ठेवायची तर त्या हो म्हणतील आणि मनात मात्र काही तरी राहील. मला त्याचीच भीती होती.

सोमवारी संध्याकाळी अक्का आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "ऊटा आयतेनु, तंगी?" जेवलीस का. नेहमीचाच प्रश्न. आणि माझ्याच्यानं नाही झालं. मी पायरीवरच सगळं सांगितलं. गॅस, टक्क आवाज, कपाटात गुपचूप ठेवलेली प्लेट. आई माझ्यामागं हात जोडून उभी.

अक्कांनी चप्पल काढली, आत गेल्या, कपाट उघडलं. सहाही प्लेट्या टेबलावर मांडल्या. एकेकीवरून अंगठा फिरवला. चौथ्या प्लेटीपाशी थांबल्या.

"ही. रंग अंगठ्याला ताजा लागतोय." मग प्लेट उजेडाला नेऊन बघितली. "फुलं सगळी समोरून असतात. एक पाठमोरं. बघ, देठाकडून काढलंय. सगळ्या प्लेट्यांवर आहे. मी हे कधी कुणाला दाखवलेलं नाही." त्यांनी ते फूल मला दाखवलं. नव्या प्लेटीतही होतं.

"कुणी दिली म्हणालीस?"

मी सांगितलं. स्टूल, फिरणारा पाट, पुरुषांचं घड्याळ. घड्याळ म्हटल्यावर अक्का खुर्चीवर बसल्या.

"ह्या प्लेट्या माझ्या बहिणीनं रंगवल्या," त्या म्हणाल्या. "घड्याळ आमच्या अप्पांचं. ती जाऊन एकोणीस वर्षं झाली. सहाच राहिल्या होत्या. सात केल्या होत्या, एक अव्वानं, आमच्या आईनं, शेगडीवर ठेवून फोडली."

आईला कन्नड समजत नाही, पण माझा चेहरा बघून तिनं माझा हात धरला.

मला काही तरी बोलायला पाहिजे होतं, म्हणून मी म्हणाले, "अक्का, त्यांनी निरोप दिलाय. म्हणाल्या, त्यांना सांगा, रागावू नको."

अक्कांनी हातातली प्लेट खाली ठेवली. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "ती मुकी होती, तंगी. जन्मापासून. ती कधी बोललीच नाही."

त्या दिवशी अक्कांनी जे सांगितलं ते सगळं इथं लिहिणं बरोबर नाही. थोडंच लिहिते. शेवटची भेट झाली तेव्हा दोघींचं भांडण झालं होतं. अक्कांची बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं, आणि बहीण समोर उभी राहून हातांनी काही तरी सांगत होती. अक्का रागात होत्या. "मुक्या माणसाशी भांडण संपवायला काय लागतं?" त्या मला म्हणाल्या. "मान फिरवली की झालं. मी मान फिरवली आणि बसमध्ये बसले." पंधरा दिवसांत बहीण काविळीनं गेली. ती काय सांगत होती, ते राहूनच गेलं.

माझ्या चुकीबद्दल अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना एकच हवं होतं. आवाज कसा होता? मी म्हणाले, बारीक, किंचित बसलेला. हे म्हणाले, नाही, भरदार होता, थोडा तुमच्यासारखाच, आणि म्हणाल्या, 'सिट्टागब्याड अंत हेळ्री', म्हणजे रागावू नको म्हणून सांगा. आईनं तेच शब्द आमच्या हिंगोलीच्या बोलीत ऐकले होते. तिघांचे तीन आवाज. अक्कांनी तिन्ही ऐकून घेतले.

मग त्यांनी विचारलं, "तिचे ओठ हलत होते का?"

आणि मला आठवेना. खरंच आठवेना. मी त्यांच्या हातांकडंच बघत होते. आईला विचारलं, तीही म्हणाली, हातांकडंच. ह्यांनी पण हातच बघितले होते. बाबांच्या कानाशी ओरडून विचारलं तर म्हणाले, "एवढं चांगलं बोलत व्हती, तोंडाकडं कोन बघतंय?"

मी म्हणाले, "अक्का, चला, उद्याच जाऊ. मला घर सापडेल." अक्का नको म्हणाल्या. "गेलो आणि नसली तर? आत्ता निदान तू ऐकून आली आहेस." मला शब्द द्यायला लावला की मी त्या गल्लीत परत जाणार नाही आणि कुणाला पाठवणारही नाही. मी दिला. म्हणून भाग लिहिला नाही. कॉमेंटमध्ये विचारू नका, जाऊन खात्री कर असंही सांगू नका. कामाला जाताना त्या बाजूला बस थांबते तेव्हा मी दुसऱ्या खिडकीतून बघते.

ह्यांचं म्हणणं, ती दुसरीच कुणी तरी मुकी बाई असणार, तिच्या हातवाऱ्यांवरून आपण आपापलं समजून घेतलं. असेल. पण मग मी आवाज कसला ऐकला? बाबांनी काय ऐकलं? पाठमोरं फूल, घड्याळ, शेगडीवर फुटलेली प्लेट, हे त्या बाईला कुठून ठाऊक? हे विचारल्यापासून ते आता तो विषय काढत नाहीत.

आई-बाबा गावी परत गेले. महिनाभरानं अक्का माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, तुझ्या बाबांना फोन लाव. मी म्हणाले, त्यांना फोनवर काहीच ऐकू येत नाही, आणि त्यांना कन्नड येत नाही. म्हणाल्या, लाव, त्यांनी ऐकलेला आवाज ऐकायचा राहिलाय.

आईनं फोन उचलला. मी सांगितलं, बाबांना म्हणावं, धारवाडच्या बाई काय म्हणाल्या ते अक्कांना सांगा. आईचं ओरडणं मला इकडं ऐकू आलं. मग बाबा फोनवर आले. खोकले. आणि अगदी हळू आवाजात, जसं त्यांच्याशी कुणी बोलत नाही तसं, म्हणाले, "बसा दादा, उन्हातून आलात."

अक्कांनी फोन दोन्ही हातांनी कानाला धरला होता. मराठी त्यांना जेमतेम कळते. इकडं कुणी ऐकलं की नाही, ते पलीकडं बाबांना कळायला मार्ग नव्हता. थोडं थांबून त्यांनी परत तेच म्हटलं. मग परत.